भोंगूचा आवाज

१२ जानेवारी

वन्सं,

पोचून तीन आठवडे झाले तरी पत्र नाही, म्हणून एव्हाना तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडत असाल. मोडा. पहिले पंधरा दिवस मी गोळ्या गिळायच्या आणि त्या पोटात ठेवायच्या, एवढाच उद्योग केला. सकाळी तेरा गोळ्या असतात. नर्सबाई समोर उभ्या राहून तोंड उघडायला लावतात, जीभ वर करायला लावतात, मगच पुढच्या खाटेकडे जातात. त्यानंतर कमरेत सुई. रविवार सोडून रोज. कुठल्या कुशीवर झोपायचं, हा इथला सगळ्यांचा मोठा प्रश्न आहे.

वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब खोली, बारा खाटा, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या कायम सताड उघड्या. थंडीनं दात वाजतात, पण खिडकी लावली की ओरडा बसतो. डॉक्टर म्हणतात, हा आजार भांड्यांतून, कपड्यांतून जात नाही. खोकल्याबरोबर हवेत उडतो आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. ते ऐकल्यावर मला आमची मागांची शेड आठवली. सूत तुटू नये म्हणून बारा महिने खिडक्या बंद, आणि शेजारच्या मागावरची ती बाई वर्षभर खोकत होती. तिची औषधं मध्येच सुटली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही तिला मध खा म्हणून सांगायचो.

डॉक्टरांनी मला विचारलं, याआधी औषधं अर्धवट टाकली होतीत का? म्हटलं, मला हा आजारच पहिल्यांदा झालाय. म्हणाले, मग तो तुमच्याकडे आला तेव्हाच हट्टी होऊन आला. साध्या गोळ्यांना दाद देत नाही तो. आणि त्याच साध्या गोळ्या मी पाच महिने घेतल्या, एक दिवस न चुकवता, आणि भोंगूला कुशीत घेऊन झोपत राहिले. माझी थुंकी वेळेवर मोठ्या प्रयोगशाळेत गेली असती तर दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं. ते पाच महिने आठवले की मला एका जागी बसवत नाही.

म्हणून पहिलं काम, तुम्ही दोघी तपासून घ्या. टाळाटाळ नको. तुमचा भाऊ गेल्यापासून त्या घरात आपण तिघीच आहोत, त्यातली एक इथे आहे. उरलेल्या दोघी मला धडधाकट हव्यात.

रविवारी चार वाजता नर्सबाईंच्या टेबलावरचा फोन घेता येतो. मागच्या रविवारी भोंगू काही बोलली नाही, नुसती श्वास घेत होती. तेवढा श्वास मी आठवडाभर पुरवला. सोळा महिन्यांची झाली, रडताना गिरणीचा भोंगा, म्हणून तर तुम्ही तिला हे नाव चिकटवलंत, पण अजून शब्द एक नाही. पहिला शब्द आला की लगेच कळवा.

सध्या उभ्यानंच लिहिणारी,
तुमची वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

आधी निकाल सांगते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस. दोघीही स्वच्छ. माझा फोटो एका फटक्यात निघाला. भोंगूच्या छातीचा फोटो काढायला मी, आरोग्यसेविका आणि तो फोटो काढणारा, असे तिघं लागलो. तिनं तिघांनाही लाथा मारल्या. दर तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे, दोन वर्षं. आरोग्यसेविकेनं वहीत तारखा लिहून दिल्या आणि ती वही मी आरशाला टांगली आहे, म्हणजे वेणी घालताना दिसेल.

आता एक कबुली देते. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझी गादी, ताट, वाटी, पेला, सगळं बाहेर टाकून दिलं. आरोग्यसेविका म्हणाली, बाई, ते ताट बिचारं काय खोकत होतं? आणि नंतर घरभर फिरून तिनं पाहिलं तर खिडक्या सगळ्या बंद, कारण भोंगूला वारा लागू नये. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. आता खिडक्या उघड्या आहेत आणि तुझ्यासाठी नवं ताट आणलं आहे. जुनं चेपलेलंच होतं.

भोंगूला मी रोज चष्म्याच्या दुकानात नेते, कामावर. मालक कुरकुरले, पण तिनं चष्म्याची एक चौकट उलटी घालून त्यांच्याकडे पाहिलं आणि माणूस विरघळला. डोळे तपासायच्या तक्त्यावरची मोठी अक्षरं ती बोटानं दाखवते. वाचत नाही, नुसती हुकूम सोडते.

मी रविवारी चारला फोन लावीनच. तू मात्र रडू नकोस, मागच्या वेळी तुझं रडणं ऐकून ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तुला मारलं.

तुझी नणंद


३ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंना पाठ झालं. आनंदाची बातमी अशी की फेब्रुवारीत पाठवलेली माझी थुंकी स्वच्छ आली. जंतू वाढवून बघतात, त्याला दीड-दोन महिने लागतात, पण नुसत्या काचेवर बघितलं तरी काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सुया ऑगस्टपर्यंत आणि मग घरी. गोळ्या पुढे वर्षभर घरीच घ्यायच्या. मी खाटेखालच्या भिंतीवर नखानं रेघा मारून ठेवल्या आहेत. रोज एक खोडते.

मास्तरीणबाईंचं मात्र फिसकटलं. त्यांच्या कानात घंटा वाजतात असं त्यांनी सांगितलं, तर लगेच कान तपासले, सुई थांबवली, आणि कागद समितीकडे गेले. समिती बसेल, ठरवेल, नवी औषधं मागवेल. तोवर त्या इथेच. त्यांचा मुलगा न्यायला येणार होता, त्याला नको म्हणून कळवलं. दोन दिवस जेवल्या नाहीत.

एक विनंती. रविवारी फोन करू नका. फोनपाशी रांग असते, लोक धक्काबुक्की करतात, आणि मला रडू येतं आणि रडलं की खोकला लागतो. त्यापेक्षा पत्र लिहा. भोंगू जे म्हणते ते जसंच्या तसं लिहा, काहीही वगळू नका. पत्र बरं असतं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

बाकी इथे आताशा फार शांत झालं आहे. सकाळी खिडकीत पाखरं येतात, चोची उघडझाप करतात, पण आवाज म्हणून नाही. ऋतूच तसा असेल.

तुमची वहिनी


१६ मार्च

वहिनी,

तू नको म्हणालीस तरी मी रविवारी फोन केला. केला, कारण शनिवारी भोंगू बोलली. पहिला शब्द ‘दे’. मालकांच्या हातातला पेला बघून म्हणाली, आणि त्यांनी दिला. तेव्हापासून सगळ्या जगाला ‘दे’ म्हणत सुटली आहे. मला वाटलं, हे तुला पत्रानं कळण्यापेक्षा कानानं कळावं.

पाच मिनिटं फोन धरून बसलो आम्ही. मग नर्सबाई परत आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या वहिनी व्हरांड्यात आहेत, मी हाक मारली, पण आल्या नाहीत. मी विचारलं, हाक ऐकली ना? म्हणाल्या, चार हातांवरून मारली. भोंगू फोनमध्ये ‘दे, दे’ करत राहिली. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा तिनं भोंगा लावला.

तुला तिची आठवण सहन होत नाही हे मी समजू शकते. पण ती दीड वर्षाची आहे, तिला हे कसं समजावू? तू पाठ फिरवून उभी राहिलीस, हे मला लागलं. फार लागलं.

नणंद


२० मार्च

वहिनी,

चार दिवसांत दुसरं पत्र. पहिलं मिळालं असेल तर फाडून टाक.

आज दुकानात एक ट्रकवाला आला होता. परवान्यासाठी डोळे तपासायचे होते. तक्ता धडाधड वाचला, एक अक्षर चुकलं नाही. मी तक्ता उलटा केला, तर तेच सगळं पुन्हा त्याच क्रमानं म्हणाला. असे महिन्यात दोन-तीन येतात, तक्ता पाठ करून. मी त्यांना हसते. आज मला हसू आलं नाही. एकदम तुझी पाखरं आठवली, आवाज न करता चोची उघडणारी. तुला फोन नको झाला तोही आठवला.

तुझे कान तपासतात का? काय निघतं? मला खरं सांग, वहिनी. मी दोन घास सुखानं खाल्ले नाहीत.

तुझी नणंद


४ एप्रिल

वन्सं,

चष्म्याच्या दुकानात तुम्ही फुकट बसत नाही.

फेब्रुवारीत सुरू झालं. आधी कानात शेडसारखी घरघर, जशी पाळी संपवून घरी आल्यावर व्हायची. मला वाटलं, जुनी सवय. मग बारीक आवाज गळायला लागले. पाखरं गेली, चमच्याचा आवाज गेला, नर्सबाईंच्या चपलांचा गेला. माणसांचं बोलणं असं ऐकू येतं जसं कोणी भिंतीपलीकडे गुरगुरतंय. त्या दिवशी हाक मारलेली मला खरंच कळली नाही. भोंगू ‘दे’ म्हणत होती आणि मी झाडाकडे बघत होते, हे वाचून मी पत्र तोंडावर घेऊन पडून राहिले.

इथे कोणालाच कळलेलं नाही. मागांच्या आवाजात बारा वर्षं काढली, आम्ही बाया ओठांवरूनच सगळ्या गप्पा मारायचो, सासूच्या तक्रारीसुद्धा. बाकीच्या रोगी बायकांशी व्हरांड्यात बोलताना काही अडत नाही. अडतं ते डॉक्टर आणि नर्सबाईंपाशी, कारण त्यांच्या तोंडावर मास्क. मी मान हलवते. आजवर एकदाच चुकीच्या जागी हलवली. उलट्या वाढल्या का, असं विचारलं होतं त्यांनी, आणि मला आणखी तीन दिवसांची एक गोळी मिळाली.

आणि तपासणी. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर भोंगे लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. पलीकडे तपासनीस पोरगा बसतो. आवाज सोडताना त्याचा उजवा खांदा थोडासा वर जातो. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावर नजर ठेवून बारा वर्षं काढलेल्या बाईला एक खांदा काय जड? दोन्ही महिने मी पास झाले.

कोणाला सांगू नका. भोंगूची शपथ आहे. मास्तरीणबाई अजून इथेच आहेत, समिती अजून बसलेली नाही. मी सांगितलं तर माझाही ऑगस्ट गेला. सुया संपल्या की कान आपोआप भरून येतील, शरीर आहे ते. ऑगस्टमध्ये मी घरी येईन, भोंगू दोन वर्षांची होईल, तिला तोंड फुटलेलं असेल, आणि मी समोर बसून ऐकेन. एवढ्यासाठीच मी इथे आहे. नाहीतर कशाला इतकं सोसायचं?

तुमची वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

मी शपथ मोडली.

तुझं पत्र घेऊन आरोग्यसेविकेकडे गेले. तिनं वाचलं आणि खाली बसली. म्हणाली, या सुईनं गेलेलं ऐकणं परत येत नाही. भरून येत नाही. सुई चालू राहिली तर राहिलेलंही जाईल. तिनं लगेच तुझ्या डॉक्टरांना फोन केला. मी शेजारी उभी होते, पूर्णवेळ.

तुला वाटेल मी तुझा ऑगस्ट खाल्ला. हो, खाल्ला.

नणंद


१५ मे

वहिनी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. डॉक्टरांकडून आरोग्यसेविकेला कळतं, तिच्याकडून मला. सुई थांबली, कागद समितीकडे गेले. हे सगळं परक्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे मला चांगलीच शिक्षा आहे. दे, मी घेईन.

पण भोंगूची काय चूक, म्हणून तिचे शब्द पाठवते. चष्म्याला ‘चम्मा’. पाण्याला ‘पापा’. मालकांना ‘माक’. कुत्र्याला आणि आरोग्यसेविकेला एकच शब्द, तो लिहीत नाही. नको असलं की ‘नाही’ म्हणत नाही, ‘पुरे’ म्हणते, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी. हे तुझं उचललं आहे. तू जेवताना हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणायचीस, तसा हातसुद्धा धरते. तिला कसं आठवतं कोण जाणे.

तुझी नणंद


१९ जून

वन्सं,

दोन महिने तुमच्यावर रागावून बसले होते. आता दम संपला. राग धरायला जेवण चांगलं लागतं, ते इथे मिळत नाही.

आरोग्यसेविकेचा फोन आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर झाडाखाली नेलं. तीन हात लांब उभे राहिले, मास्क खाली केला आणि सावकाश बोलले, म्हणजे मला ओठ दिसावेत. वन्सं, चार महिन्यांत त्यांचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. केवढं तरुण पोर आहे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, तुम्ही मला फसवलंत याचं वाईट नाही, मला लक्षात यायला हवं होतं.

तपासनीस पोरानं मला पुन्हा काचेत बसवलं. या वेळी पाठ त्याच्याकडे. मग त्यानं कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ डावीकडून बरी निघते आणि मध्यावर आल्यावर कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. डावीकडे जाड आवाज, ट्रक, ढग, दार आपटणं. ते मला येतात, फक्त डाव्या कानानं. रेघेच्या उजवीकडे बारीक आवाज. मी त्याला विचारलं, लहान मुलांचं बोलणं कुठे असतं? त्यानं पेन्सिल उजवीकडे नेली आणि तिथेच धरून ठेवली.

नव्या गोळ्या मेअखेर आल्या. सुई नाही. मास्तरीणबाईंनाही त्याच मिळाल्या. नव्या औषधांवर नजर ठेवायची म्हणून आता नोव्हेंबरपर्यंत इथेच ठेवणार आहेत. तुम्ही सांगितलं नसतं तर डावा कानही गेला असता, हे मला डोक्यानं कळतं. बाकीच्या शरीराला पटायला वेळ लागतोय.

रात्रंदिवस एकच ध्यास आहे, तिचा आवाज कसा असेल? मला माहीत आहे तो तान्ह्या बाळाचा. बोलण्याचा आवाज मी कधी ऐकलाच नाही आणि आता ऐकणार नाही. तुम्ही लिहून सांगाल का? आणि हेही सांगा, तुम्हाला ती काय म्हणते? मला काय म्हणते?

तुमची वहिनी


७ जुलै

वहिनी,

आवाज कसा लिहायचा हे मला येत नाही. आठवडाभर ती बोलायला लागली की मी कागद घेऊन बसते आणि ती कागद मागते. तरी लिहिते.

बारीक आहे, पण किनरा नाही. जरा घोगरा. सकाळी उठल्यावर जास्त घोगरा, दुपारपर्यंत साफ होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जातो, म्हणून नुसतं ‘पापा’ म्हटलं तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटतं आणि माणूस उत्तर देऊन बसतो. ‘र’ येत नाही, ‘ल’ म्हणते. हसताना आधी काहीच ऐकू येत नाही, नुसतं तोंड उघडं, खांदे हलतात, मला दरवेळी भीती वाटते की श्वास अडकला. मग एकदम फुटतं. बाहुलीशी बोलताना कुजबुजते. रागावली की आवाज चढत नाही, उलट खाली येतो, आणि ते जास्त भीतीदायक आहे. आता सांगते तसं कर. डोळे मिटून स्वतःचा आवाज आठव, तू मला ‘वन्सं’ म्हणून हाक मारतेस तो. तो लहान कर. झालं. वहिनी, तुझाच आवाज आहे तो. मला कधी कधी दुसऱ्या खोलीतून दचकायला होतं.

मला ती आत्या म्हणते. तुझा फोटो आरशापाशी लावला आहे, त्याला आई म्हणते.

तुझी नणंद


८ नोव्हेंबर

वन्सं,

वीस तारखेला मला सोडतात. फेब्रुवारीपासून एकही तपासणी वाईट नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की माझ्यापासून आता कोणाला धोका नाही. तो कागद मी पिशवीत सगळ्यात वर ठेवला आहे, कोणी विचारायच्या आत दाखवायला. गोळ्या आरोग्यसेविका रोज समोर देईल. भोंगूला उचलून घेता येईल, पापी घेता येईल, दोन्ही मी त्यांना विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते हसले.

कानात घालायचं यंत्र दिलं आहे. त्यानं जाड आवाज आणखी जाड होतात, बारीक येत नाहीत. असो.

स्टँडवर तिला घेऊन या. मला भीती वाटते, वन्सं. ती सव्वा वर्षाची असताना मी उठून आले. माझ्याकडे ती का यावी?

तुमची वहिनी


२४ नोव्हेंबर

वहिनी,

तू दुपारची झोपली आहेस, भोंगू तुझ्या शेजारी. आरोग्यसेविका बाहेर बसली आहे, तू उठेपर्यंत थांबेल. मी जाते आहे.

तोंडावर सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. मालकांचं दुसरं दुकान आहे, बसनं सात तास. तिथे माणूस हवं होतं, मी ऑक्टोबरातच हो म्हटलं. चार दिवस मी पाहते आहे. तू हात पुढे केलास की ती माझ्या मागे लपते. तू भरवलंस की ती माझ्याकडे बघून तोंड उघडते. तुझा चेहरा मी पाहिला आहे. मी इथे असेपर्यंत ती तुझ्याकडे येणार नाही. मी नसले की येईल, मुलं लवकर विसरतात.

तपासणीची वही आरशाला आहे. पुढची तारीख १२ जानेवारी. दूध कोमट लागतं. झोपताना कानाची पाळी चोळून लागते, डाव्या कानाची. अंघोळीच्या वेळी पळते तेव्हा दार लावून घे.

मी खूप वेळ तुझी मुलगी वापरली. आता ती तुझी तुला.

नणंद


१० डिसेंबर

वन्सं,

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. तुमची युक्ती लागू पडली, हे आधी सांगते. भोंगू माझ्या हातचं खाते. कानाची पाळी चोळून घेते. काल बाजारात कुत्रा बघून माझ्या पायांना मिठी मारली. तुम्ही म्हणालात तसंच झालं, मुलीनं मला जवळ केलं.

आता दुसरं. ती रोज तीनदा दाराशी जाते. सकाळी, दुपारची उठल्यावर, आणि तुमचं दुकान सुटायच्या वेळी. उंबऱ्यावर हात टेकून उभी राहते. मी कामात पाठमोरी असायचे, मला वाटायचं रस्ता बघते आहे. परवा पाणी भरून बाहेरून आत येत होते, तेव्हा तिला समोरून पाहिलं. ती हाक मारत होती. मान पुढे काढून, शिरा ताणून. किती दिवस मारत होती कोण जाणे. तुम्ही होतात तेव्हा ती तुमच्या मागे तोंड लपवायची, म्हणून मला तिचे ओठ दिसले नव्हते.

‘आत्या’ म्हणताना जीभ दाताला लागते. तिची लागत नव्हती. ओठ नुसते उघडून रुंद होत होते. ती ‘आई’ म्हणत होती, वन्सं, आणि तिनं मला ओलांडून माझ्या मागे रस्त्यावर बघितलं.

मी घागर खाली ठेवली आणि तिथेच बसले. तुम्ही जुलैत खोटं लिहिलंत. मला राग आला, कानातून वाफ निघावी तसा. या एका शब्दासाठी मी अकरा महिने गोळ्या गिळल्या, कान घालवले, आणि तो शब्द तुमच्याकडे आहे. संध्याकाळपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग दुकान सुटायची वेळ झाली आणि ती पुन्हा दाराशी गेली. मीही जाऊन तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्याकडे बघितलं, माझा हात धरला, आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली. दोघी बसून राहिलो. अंधारून आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तुमचीच वाट बघते आहे. वर्षभर मला वाटत होतं की मला फक्त हिची ओढ आहे. तसं नव्हतं.

मला ती काय म्हणेल ते तिचं ती ठरवेल. सध्या ‘ए’ म्हणून ओढणी ओढते, तेवढं पुरे आहे. एका घरात एक आई बस्स, हा हिशोब तुमचा, तो तिच्यावर कशाला? मंगळवारी ती आतल्या खोलीत स्टुलावरून पडली. शेजारीण धावत आली म्हणून मला कळलं. मी दहा पावलांवर भाकरी थापत होते आणि मुलगी भोंगा लावून रडत होती.

तिची हाक मला ऐकू येत नाही, वन्सं. तुम्हाला येते. या.

तुमची वहिनी